कानाने शिजवलेला भात

९ जानेवारी

वहिनी,

नमस्कार. गुडघ्याला विश्रांती म्हणजे वहिनींना शिक्षा, असं आमच्या हिचं म्हणणं आहे. बावीस वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात एकशे ऐंशी माणसांचं जेवण रांधणारी बाई चार महिने रजा घेऊन घरी करणार काय? कॅन्टीनची हेडबाई रिकाम्या हाताने बसलेली मला डोळ्यांसमोर आणताच येत नाही. म्हणून सोबत एक पुस्तक पाठवतो आहे. स्पेन देशातल्या घरगुती स्वयंपाकाचं आहे. कुणीतरी आपल्या भाषेत आणलंय, चित्रंही भरपूर आहेत. रद्दीच्या दुकानात सापडलं. पुठ्ठा सुटला होता तो मी चिकटवला, पण जरा तिरका बसलाय.

एकच अट. जे कराल ते पत्राने कळवायचं. फोन नको. फोनवर ही माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेते आणि मग तुम्हा दोघींच्या गप्पांत माझं पुस्तक वाहून जातं.

दुकान जोरात चाललंय. शिलाई मशीनं रांगेत उभी आहेत, मान वर करायला फुरसत नाही.

गुडघ्याला जपा.

तुमचा दीर


१८ जानेवारी

भाऊजी,

पुस्तक पोचलं. तुम्हाला आशीर्वाद आणि जावेला दुप्पट, कारण ती तुम्हाला सांभाळते. पाकीट उघडलं आणि मशीनच्या तेलाचा तुमचा तो नेहमीचा वास आला. दुकानाच्या दारात उभी असल्यासारखं वाटलं. पण अक्षर काय ते! बसमध्ये बसून लिहिलंत ना? आणि तेही मागच्या सीटवर.

पुस्तकाची तऱ्हा वेगळी आहे. सगळं ग्रॅममध्ये. मी उभ्या आयुष्यात मीठ मोजून घातलेलं नाही, पण म्हटलं, परक्या घरी गेलो की त्यांच्या पद्धतीने वागावं. माळ्यावरचा वजनकाटा खाली काढला, पुसला आणि बटाट्याचं जाड ऑम्लेट करायला घेतलं. त्याला ते तोर्तिया म्हणतात. बटाट्याच्या पातळ चकत्या आणि कांदा भरपूर ऑलिव्ह तेलात मंद आचेवर ठेवायचा. तळायचा नाही, नुसता मऊ करायचा. मग तेल निथळून ते सगळं फेटलेल्या अंड्यांत मुरू द्यायचं आणि परत तव्यात. खरी परीक्षा उलटवताना. तव्यावर ताट झाकायचं, श्वास धरायचा आणि एका झटक्यात पालथं करायचं. पहिल्यांदा अर्धं ताटात आलं, अर्धं शेगडीवर. दुसऱ्यांदा अख्खं आलं. वरून सोनेरी, आणि कापल्यावर आतले थर मोजून घ्यावेत असे. शेजारणीला पाठवलं तर ताट चाटूनपुसून परत आलं.

पंधरा मार्चला मला कामावर हजर व्हायचंच आहे. नाही झाले तर साहेब घाईबाईला कायम करणार. घाईबाई म्हणजे माझ्या हाताखालची. भांडं आपटल्याशिवाय तिला खाली ठेवता येत नाही. सहा वर्षं माझ्या जागेवर डोळा ठेवून आहे. ते कॅन्टीन गेलं तर माझ्याकडे उरतं काय, तुम्हीच सांगा. तुमचे दादा गेले तेव्हा तेराव्या दिवसानंतर मी त्या भट्टीपुढे जाऊन उभी राहिले, म्हणून आज उभी आहे.

गुडघा सुधारतोय.

वहिनी


२७ जानेवारी

वहिनी,

शेगडीवर पडलेल्या अर्ध्या तोर्तियाचं वाचून ही इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मी हसलो नाही. मी पत्र चारदा वाचलं.

मशीन दुरुस्तीला आलं की गिऱ्हाईक सांगतं ते मी ऐकतो आणि जे सांगत नाही ते जास्त लक्ष देऊन ऐकतो. तुम्ही रंग लिहिलात, थर लिहिलेत, शेजारणीचं ताट लिहिलंत. चव लिहिली नाहीत. मागे एकदा कुठल्याशा लग्नात सुपावरची मिरपूड शिळी होती, तर तेवढ्यावर तुम्ही मला दोन पानं लिहिली होती. आणि आता परदेशातला पदार्थ पहिल्यांदा केलात आणि तो लागला कसा यावर एक अक्षर नाही?

दुसरं. त्या पाकिटाला मशीनच्या तेलाचा वास येणं शक्य नाही. ऑक्टोबरपासून मी तेलाच्या डब्याला हात लावलेला नाही. दुकान बंद आहे. माझे हात थरथरतात, वहिनी. बॉबिनच्या खोक्याचा स्क्रू तीनदा हातातून पडला आणि चौथ्यांदा सापडलाच नाही. त्या गिऱ्हाइकासमोर मी जमिनीवर रांगत होतो. डॉक्टर म्हणतात, कदाचित वाढणार नाही, पण जाणारही नाही. ते पत्र मी घरच्या टेबलाशी, दोन्ही कोपरं टेकून लिहिलं होतं. आणि पुस्तक सापडलं तेही मशीनच्या सगळ्या माहितीपुस्तिका रद्दीत घालायला गेलो होतो तेव्हा.

मी खोटं बोललो, ते कबूल केलं. आता तुमची पाळी. तुम्हाला वास येत नाही का?

दीर


४ फेब्रुवारी

भाऊजी,

नाही येत.

वास नाही आणि चवही नाही. नोव्हेंबरात ताप आला होता. तो आठ दिवसांत गेला आणि जाताना दोन्ही घेऊन गेला. खारट, गोड एवढं जिभेला पुसट कळतं, बाकी काहीही खाल्लं तरी ओला पुठ्ठा. गुडघा ठणठणीत आहे. दिवसातून चार वेळा जिने चढते. गुडघ्याचं नाव मी पुढे केलं, कारण गुडघा दुखणारी स्वयंपाकीण चालते.

डॉक्टर म्हणाल्या, नाकाच्या नसांना वेळ लागतो. महिने लागतील, सगळं येईल, थोडं येईल, किंवा नाही येणार. रोज सकाळी चार बरण्या हुंगायला सांगितल्यात: कॉफी, लवंग, लिंबाची साल, साबण. डोळे मिटून हुंगायचं आणि तो वास कसा होता ते आठवायचं. मी बसते. लवंग कशी होती ते आठवतं, पण बरणीतून काही येत नाही. पाचेक मिनिटांनी रडू येतं, मग झाकणं लावते.

तुमचं पुस्तक यायच्या आधी मी स्वयंपाक सोडलाच होता. माझ्या नेहमीच्या भाज्या केल्या की मला ठाऊक असायचं त्या कशा लागायला हव्यात, आणि तशा त्या लागायच्या नाहीत. घास घशाखाली उतरत नसे. स्पेनच्या पदार्थांचं मला काही ठाऊकच नाही. तोर्तिया कसा लागतो हे मी कधी जाणलं नव्हतं, त्यामुळे तो माझ्याकडून हरवलेलाही नाही. पुस्तक सांगेल तेवढं वजन करायचं, सांगेल तेवढा वेळ मोजायचा. तोर्तियानंतर टोमॅटो, काकडी आणि शिळ्या पावाचं थंड सूप केलं. लसूण घातलेला बदामाचा पांढरा रस्सा केला. हसू नका, पण दोन महिन्यांनी मी स्वयंपाकघरात गाणं गुणगुणले.

म्हणून माझं ठरलंय. पंधरा मार्चला कामावर जायचं, सगळं काट्यावर तोलून करायचं आणि कुणाला कळू द्यायचं नाही. वास न येणारी स्वयंपाकीण साहेब एक दिवसही ठेवणार नाहीत. तुम्हीही कुणापाशी बोलू नका.

एकाच जागी गाडी अडली आहे. पाएया नावाचा भात आहे. रुंद, उथळ कढईत करायचा. पाणी घातलं की ढवळायचं नाही, बोटही लावायचं नाही, आणि शेवटी तळाला मुद्दाम लागू द्यायचा! त्या लागलेल्या थराला सोकारात म्हणतात आणि म्हणे घरातली माणसं त्यावरून भांडतात. भाऊजी, भात लागू नये म्हणून मी बावीस वर्षं जीव टाकला. बरं, लावायचाच तर लावू. पण तो जमला हे ओळखायचं कसं? पुस्तक म्हणतं, 'भाजल्याचा खमंग वास सुटला की आच बंद करा.' झालं! दोनदा नुसता कोळसा केला.

तुमच्या हातांचं वाचलं. जेवता नीट का? चमचा सांडतो का? ते लिहा.

वहिनी


१२ फेब्रुवारी

वहिनी,

चमचा सांडतो. कप अर्धाच भरून घेतो. सुरीचं काम ही करते. एवढंच, बाकी ठीक आहे.

कुणापाशी बोलणार नाही. ही माझ्या खांद्यावरून वाचते, तेवढी सोडून.

भाताचं मी सांगतो, आणि हे मला चाळीस वर्षांच्या कामाने शिकवलंय. मशीनच्या पोटात आवाज कुठून येतोय हे कळत नसेल तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. खोलीतली बाकीची कटकट गळून पडते आणि आतलं तेवढं ऐकू येतं. कुठलं चाक कोरडं आहे, कुठला दाता झिजलाय, सगळं मशीन स्वतःच सांगतं. कढई का सांगणार नाही? लांब दांड्याचं लाकडी उलथनं घ्या. टोक कढईच्या काठावर, दांडा कानामागे. केस बांधा आणि पदर खोचा.

कोळसा झाला तरी चालेल, पण या खेपेला कोळसा होताना ऐका. चांगल्या मशीनचा आवाज कळायला आधी बिघडलेली पुष्कळ ऐकावी लागतात.

मला कशाला विचारता म्हणाल, माझं तर संपलंच आहे. पण कान आहेत तसे आहेत, ते फुकट जातायत.

दीर


२३ फेब्रुवारी

भाऊजी,

जमला!

पहिल्या दिवशी शेजारीण साखर मागायला आली आणि मी कढईला कान लावून उभी. ती साखर न घेताच गेली. तिसऱ्या दिवशी मला आवाज वेगळे कळायला लागले. ऐका. आधी खदखद, ती सगळ्यांनाच ऐकू येते. पाणी आटत आलं की बुडबुड, जाड आणि आळशी. मग एक क्षण सगळं गप्प होतं. मी पूर्वी इथेच घाबरायचे आणि आच मोठी करायचे. गप्प राहू द्यायचं. त्यानंतर तळातून बारीक चुरचुर सुरू होते, कोरडी, एकसारखी. ती सुरू झाली की नव्वद मोजायचे आणि बंद. शंभर मोजले तर तडतड होते, म्हणजे गेलं.

काल नव्वदला बंद केला. उलथन्याने तळ खरवडला तर लालसर, कडक पापुद्रा अख्खा सुटून आला. दाताखाली कुडकुड वाजला. चव नाही आली, खोटं कशाला सांगू, पण भाऊजी, तो कुडकुड आवाज मी खाल्ला! उभ्याने, ओट्याशी, अर्धी कढई.

आता तुमचं. कान आहेत म्हणता आणि फुकट जातायत म्हणता. ज्या घरात असे कान आहेत त्याच घरात माझी जाऊ आहे, जिने साडीच्या काठावर आयुष्यभर इतकं बारीक भरतकाम केलं की मला चष्मा लावूनही टाका दिसत नाही. बाकी मी काही बोलत नाही.

रविवारी, सात मार्चला, घाईबाईला घरी जेवायला बोलावलंय. पाएया करणार, कोळंबीचा. तिला काही संशय आला नाही तर कॅन्टीनमध्येही कुणाला येणार नाही.

सोबत एक पुडी आहे. धुरावर वाळवलेल्या लाल मिरचीची पूड, या पुस्तकात ती जिथे-तिथे असते. उकडलेल्या बटाट्यावर घाला आणि कशी लागते ते मला सविस्तर लिहा.

वहिनी


४ मार्च

वहिनी,

तुम्ही हिला वेगळं पत्र लिहिलंत. त्यात काय लिहिलंत ते ही दाखवत नाही, पण सोमवारी सकाळी चहा झाल्यावर तिने खुंटीवरची दुकानाची किल्ली काढली आणि म्हणाली, "चला, तुमचे कान घेऊन या."

पाच महिन्यांची धूळ. मी दारातच रुसून उभा. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंपिणीचं मशीन तिथेच पडून होतं, ऑक्टोबरपासून बिचारी माझी वाट बघत होती. हिने स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तो आमटीच्या डावासारखा. मी ओरडलो. ती म्हणाली, "ओरडायला तुमचं तोंड थरथरत नाही वाटतं?" मग मी ऐकलं आणि सांगितलं, खालचं दुसरं चाक, अर्धा फेरा डावीकडे. तिने अर्धा म्हटल्यावर अर्धाच फिरवला. मी चाळीस वर्षांत एकाही कामगाराला अर्धा म्हणजे अर्धा हे शिकवू शकलो नव्हतो.

मशीन चाललं. वहिनी, मशीन चाललं! मी तिथेच स्टुलावर बसून रडलो, ते लिहायला मला लाज वाटत नाही.

मिरचीची पूड: आधी धूर लागतो, मग गोड, मग उशिरा थोडी तिखट. बंबात लाकडं पेटवली की अंगणात यायचा तसा धूर. बटाटे संपले, पुडी अर्धी उरली आहे.

घाईबाईसमोर उलथनं कानाला लावू नका. तिला वाटेल तुम्हाला वेड लागलं.

दीर


१० मार्च

भाऊजी,

हे पत्र मी दोनदा फाडलं.

रविवारी सगळं तयार होतं. भाजीपाला चिरलेला, तांदूळ तोललेला, केशर गरम पाण्यात. शनिवारी आणलेली कोळंबी मी सोलत बसले होते. घाईबाई दारातून आत आली, चप्पल काढली आणि तिथूनच म्हणाली, "ताई, काय कुजलंय?"

कोळंबी कुजली होती. शनिवारी मी फ्रिज पुसला होता आणि बटण लावायला विसरले होते. ती माझ्या हातात होती, भाऊजी. मी ती धुतली होती, सोलली होती, नाकापासून वीतभर अंतरावर धरली होती. तासाभरात आम्ही दोघींनी ती खाल्ली असती.

घाईबाईने माझ्या हातातून पातेलं काढून घेतलं, बाहेर नेऊन टाकलं, घासलं आणि ओट्यावर हळूच ठेवलं. सहा वर्षांत तिने पहिल्यांदा भांडं न आपटता ठेवलं. तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. गुडघ्याचंही.

तिने ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "म्हणून तुम्ही चार महिने आला नाहीत. मला वाटलं, माझं तोंड बघायला नको म्हणून." आणि काय सांगू, जी माझ्या जागेवर टपली आहे म्हणून मी रोज हिशेब करत होते, तीच पंधरा तारखेची वाट बघत बसलेली! म्हणाली, "ताई, चव मला जमते, पण एकशे ऐंशीचा अंदाज नाही जमत. एक दिवस भात उरतो, एक दिवस रांगेतली शेवटची वीस माणसं नुसता पाव खाऊन जातात. माझी झोप उडाली आहे." मला तिच्याबद्दल जे जे वाटत आलं त्याची लाज वाटली.

मग आम्ही कोळंबीशिवायचा पाएया केला, कोंबडी आणि फरसबी घालून. पुस्तक म्हणतं, मुळात तो तसाच असतो. मी कढईला कान लावला, तिने चमचा जिभेला लावला. "मीठ कमी," ती म्हणाली. काट्यावर तोलून घातलं होतं, तरी कमीच होतं. तिने घातलं.

जाताना म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही, ताई." ती सांगणार नाही हे मला माहीत आहे. पण मीच सांगणार आहे. माझ्या घरी फार तर आम्ही दोघी आजारी पडलो असतो. तिकडे एकशे ऐंशी ताटं असतात, आणि ती माणसं कॅन्टीनच्या बाईवर डोळे मिटून विश्वास ठेवून जेवतात. पंधराला साहेबांच्या खोलीत जाते. जागा गेली तर गेली, असं लिहितेय खरी, पण एवढं वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

कार्ड घाईत लिहितोय, दुकानातूनच. पंधरा तारीख जाऊन चार दिवस झाले. ही रोज पोस्टमनला दारात अडवते. जे झालं असेल ते कळवा. जागा गेली असेल तर इकडे निघून या, वरची खोली रिकामी आहे आणि हिला स्क्रू फिरवताना शिव्या घालायला कुणीतरी हवंच आहे.

दीर


२४ मार्च

भाऊजी,

आधी बातमी सांगते, मग शिव्या द्या. जागा आहे.

पंधराला साहेबांपुढे उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हेडबाईला वास येत नाही?" मी म्हटलं, "नाही. पण घाईबाईला येतो, आणि तिला अंदाज येत नाही तो मला येतो." ते म्हणाले, उद्या माझ्यासमोर करून दाखवा.

सोळा तारखेला मी मोठ्या परातीएवढ्या कढईत भात लावला. पाएयाच, कारण त्याचे आवाज मला पाठ आहेत. उलथनं कानामागे धरलं तेव्हा भांडी घासणाऱ्या बायका काम सोडून दारात जमल्या. त्यांची खुसखुस मला ऐकू येत होती, पण कढईचं जास्त येत होतं. घाईबाईने कोंबडीचा तुकडा न् तुकडा हुंगला, रस्सा चाखला आणि मीठ वाढवलं. मी नव्वद मोजले. साहेबांनी तळ खरवडून खाल्ला आणि विचारलं, "हा लागलाय की लावलाय?" म्हटलं, "लावलाय." ते म्हणाले, "अजून आहे का?" माझा जीव भांड्यात पडला.

तर ठरलं असं. हेडबाई मीच. पण आलेला माल आधी घाईबाईच्या नाकाखालून जाणार आणि तिने चाखून सही केल्याशिवाय पातेलं बाहेर जाणार नाही. तीन महिने बघू म्हणतात. मी अंदाजाचं तिला शिकवतेय, आणि ती आता भांडी निम्म्याच आवाजात आपटते. माझा मोठा डाव तिने चार महिने माझ्याच खुंटीवर तसाच टांगून ठेवला होता. त्याला कुणी हात लावला तर ओरडायची म्हणे.

उशीर का झाला ते सांगते. तुमचं कार्ड आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायलाच बसले होते. कार्डाच्या कडेला अंगठ्याचा काळपट डाग होता. वाचताना कार्ड चेहऱ्याजवळ आलं आणि मला तेलाचा वास आला. मशीनच्या तेलाचा. अगदी क्षणभर, पुसट, मग गेला. मी जिन्यात जाऊन आले, तोंड धुतलं आणि परत हुंगलं, तर परत आला. दोन दिवस वाट पाहिली, कारण मनाचे खेळ असतील असं वाटलं. आज सकाळी पुन्हा आला.

जानेवारीत हेच वाक्य मी तुम्हाला खोटं लिहिलं होतं, तेव्हा आता तुम्ही विश्वास ठेवाल असं मी म्हणणार नाही. परीक्षा घ्या.

वहिनी


३१ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून ही आधी रडली आणि मग मलाच दटावलं, की कार्डाला डाग का पाडला.

जागेबद्दल मी काही लिहीत नाही. लिहायला बसलो की अक्षर जास्तच हलतं.

परीक्षा. या कागदाच्या चारही कोपऱ्यांवर पेन्सिलीने आकडे घातलेत, एक ते चार. हिच्याशी बोलून लावलंय, दुसऱ्या कुणाला माहीत नाही. प्रत्येक कोपरा हुंगायचा आणि जे येईल ते लिहायचं. मदत घ्यायची नाही, घाईबाईचीसुद्धा.

दीर


८ एप्रिल

भाऊजी,

उत्तरपत्रिका.

१. मशीनचं तेल. शपथेवर.

२. काही नाही.

३. काहीतरी आहे. नाव ओठांपर्यंत येतं आणि मागे फिरतं. खिडकीशी नेऊन पाच वेळा हुंगलं. ओळखीचं आहे एवढं नक्की. नाव नाही सांगता येत.

४. काही नाही. तिथे तुम्ही काहीतरी लावलं असणार आणि ते काय असेल याचा अंदाजही आहे, पण अंदाजाने लिहायचं नाही असं ठरवलंय. येत नाही म्हणून 'काही नाही'.

घाईबाई शेजारीच उभी होती आणि सारखी म्हणत होती, "मी सांगू का, मी सांगू का?" तिला कांदे आणायला पाठवून दिलं.

वहिनी


१५ एप्रिल

वहिनी,

निकाल.

१ बरोबर.

३ ला तुमचीच धुराची मिरची होती. नाव नाही आलं तरी अर्धे गुण देतो, ही पूर्ण द्या म्हणते.

२ ला काहीच लावलेलं नव्हतं. तो कोपरा तुमच्या नाकासाठी नव्हताच. जानेवारी असता तर तिथेही तुम्हाला तेलाचा वास आला असता. त्याचे मी सगळ्यात जास्त गुण दिलेत.

४ ला साबण होता, तो राहिला. म्हणून या पत्राच्या चारही कोपऱ्यांना साबणच लावलाय. रोज एक हुंगा. घाई नाही.

दीर